नडगी आणि तारीख

"कुठं दुखतंय ते सांगू नको. दाखव फक्त."

पोरानं ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत ओढली आणि घोट्याच्या वर वीतभर, नडगीच्या आतल्या कडेला, तर्जनीचं टोक ठेवलं. एकच बोट, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. लातूरहून माहेरपणाला आलेल्या डॉक्टरबाईंनी नेमका तिथंच अंगठा दाबला, तसं पोरगं बाकावरून अर्धं उठलं.

"तळहात फिरवला असतास तर मला बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या.

त्यांचे मामा शेजारीच उभे होते, गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच. "काय बोलूलालीस माय? बोट ठेवलं काय अन् हात फिरवला काय. शिन पेन हाय त्याला. बॅचमधल्या निम्म्या पोरांच्या नळ्या भरलेल्या असत्यात. गार पाण्यात पाय ठेवायचा, पट्टी आवळायची अन् पळायचं."

नांदेडच्या ज्या मैदानावर मी रोज सकाळी साखरेचं प्रमाण कमी करायला चालतो, तिथली ही गोष्ट. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. मुखेड, कंधार, देगलूर, किनवटकडून पोलीस भरतीसाठी आलेली ही पोरं खोली करून राहतात, दिवसा अभ्यासिकेत बसतात आणि पहाटे पळतात. भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याबद्दल मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "शेक देणारी डॉक्टर हाय." त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे त्या दिवशी कळलं.

"मामा, एका बोटावर मावणारं दुखणं आणि तळहातभर पसरलेलं दुखणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. नडगीच्या आतल्या कडेनं चार-सहा बोटं लांब दुखत असेल, पळायला लागल्यावर थोडं मऊ पडत असेल, तर ती नळी भरलीय. सराव कमी केला, पोटरीचा व्यायाम दिला की ती वळणावर येते. हा मात्र एका ठिपक्यावर बोट ठेवतोय. काय रे, रात्री झोपेत ठणकतं का?"

पोरानं आधी उस्तादांकडं पाहिलं, मग मान हलवली.

"एका पायावर उडी मार बघू."

त्यानं मारली आणि पाय टेकवताच दात खाल्ले.

"हाडाला चीर असू शकते. एक्स-रे काढा, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येतो आणि घरचे म्हणतात, पोरगं सोंग करतंय. खात्री करायची तर एमआरआय."

"अन् ग्राउंडला सव्वीस दिवस राह्यलेत."

"असू देत."

"असू देत कसं?"

इथून दोघांचं जे जुंपलं, ते मी चालायचं सोडून ऐकत बसलो. दोघंही आपापल्या जागी खरे होते, म्हणूनच ऐकण्यासारखं होतं.

ज्यांच्या घरात भरतीचं पोरगं नाही, त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड पन्नास गुणांचं असतं. त्यात मुलांना 1600 मीटरला वीस, 100 मीटरला पंधरा आणि गोळाफेकीला पंधरा. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस. पुढं सेकंदागणिक गुण गळतात. मुलींना 800 मीटर असतं, त्याचं पूर्ण टायमिंग दोन मिनिटं पन्नास सेकंद. 2024 च्या पावसाळ्यात जी भरती झाली, तिला जागा होत्या 17,471 आणि अर्ज सतरा लाखांवर. म्हणजे एका खुर्चीमागं शंभरेक माणसं उभी. मामा म्हणतात ते यातूनच येतं: "हितं दोन सेकंदानं पोरगं गावाकडं सोयाबीन काढायला परत जातंय."

"हाड पळूनच पक्कं होतं," मामांनी पहिला डाव टाकला. "आमाला रेजिमेंट सेंटरला कोण डॉक्टर होता? बूट घालून पळवलं. झाली का नाही हाडं लोखंडाची?"

"हाड पळूनच पक्कं होतं, हे शंभर टक्के खरं," बाई म्हणाल्या. मामांना हे अपेक्षित नसावं. "पण कसं होतं ते सांगते. आजोळच्या घराचं माळवद आठवतंय? दर उन्हाळ्यात आजोबा काय करायचे?"

"जुनी माती खरवडून काढायची, नवी पांढरी माती टाकायची."

"आधी काढायची, मग टाकायची. हाडाचंही तसंच. पळण्याचा मार बसला की शरीर त्या जागचं जुनं हाड आधी खरवडतं. याला तीनेक आठवडे लागतात. नवीन भरायला त्यानंतर तीनेक महिने. मधल्या दिवसांत हाड पहिल्यापेक्षा कच्चं असतं. माळवद उघडं पडलंय आणि वळीव आला, असं ते. तुमची पोरं जाहिरात सुटली की एकदम सकाळ-संध्याकाळ पळायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती तुमच्यापुढं येऊन उभी राहतात ना, उस्ताद, नळी दुखते म्हणून?"

मामा काही बोलले नाहीत. मला वाटतं ते मनातल्या मनात जुन्या बॅचा मोजत होते.

"हे काही माझं नवं खूळ नाही," बाई पुढं म्हणाल्या. "1855 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरानं लिहून ठेवलंय. नवे शिपाई, लांबलचक कूच, सुजलेले पाय. तेव्हा एक्स-रेचा शोधसुद्धा लागला नव्हता. पुढं त्याला नावच पडलं, मार्च फ्रॅक्चर. तुमच्याच धंद्यातलं दुखणं आहे हे."

"म्हंजे शिपायाचंच हाय," मामा म्हणाले, आणि त्या आवाजात किंचित अभिमानही होता.

मग त्यांनी भाचीला हिशेब घालायला लावला. पोराचं वजन साठ किलो. पळताना प्रत्येक पावलाला जमीन वजनाच्या अडीच-तीन पट उलटा दणका देते. म्हणजे निदान दीड क्विंटल. सोळाशे मीटरच्या एका फेरीत साधारण साडेनऊशे पावलं, निम्मी या पायाची. मोंढ्यातल्या हमालाच्या पाठीवरसुद्धा एका वेळी दीड क्विंटल कोणी टाकत नाही. इथं ते एका नडगीवर पावणेपाचशे वेळा येतं, आणि पोरं दिवसातून असं तीन-चारदा करतात, ओल्या काळ्या रानात पाय रुतायला लागले की डांबरी रस्त्यावर.

"पण सगळ्यांची कुठं मोडत्यात?" मामा. "मी चाळीस पळवतो, दोघा-तिघांना होतंय."

"त्या दोघा-तिघांनाच विचारा."

"त्यांनाच इचारतो. पोरा, तू सांग. सव्वीस दिवस थांबतोस का?"

पोरगं खाली बघत राहिलं. हा प्रश्न त्याला विचारायला नको होता, असं मला वाटलं. बावीस वर्षांच्या पोराला नोकरी हवी की हाड, असं विचारलं तर तो काय सांगणार हे मैदानावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"बघ," मामा म्हणाले, आणि आता त्यांच्या बोलण्यातली चेष्टा गेली होती. "तू सहा आठवडे आरामाची चिठ्ठी लिवतीस. तुजी चिठ्ठी बरोबरच हाय. पण आराम कोन करू शकतंय? ज्याची तारीख मागंपुढं होती त्यानं. याची होत नाही. खुल्या गटाला अठ्ठावीस, आरक्षणवाल्याला तेहतीस, पुढं फॉर्मच भरता येत नाही. जाहिरात दरसाली येती असंबी नाही. सहा आठवडे म्हंजे तुजे सहा आठवडे. याचं एक साल, कधी दोन. खोलीभाडं, मेस, बापाचं कर्ज. ते तुज्या एमआरआयमधी दिसतंय का?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला त्या तेवढ्यासाठी आवडल्या. माझं मत विचाराल तर भांडणाची खरी गाठ इथंच आहे. पोरं दुबळी नाहीत आणि उस्ताद अडाणी नाहीत. हाडाला लागतात तीन-चार महिने आणि जाहिरात ते देत नाही. जाहिरात कधी येईल हे कोणाला ठाऊक नसतं, म्हणून कोणी आधीपासून बेतानं पळत नाही. आली की सगळे एकदम सुटतात.

"मग शहाण्या उस्तादानं जाहिरात नसताना पळवावं," बाई शेवटी म्हणाल्या.

"फी कोन देतंय जाहिरात नसताना?"

यावर त्या हसल्या. मीही.

वादाची धार जरा उतरली तेव्हा मामांनी बुटांचा विषय काढला. त्यांना बुटांचा राग आहे. पोरं उधारीवर महागडे बूट आणतात आणि टायमिंग तेवढंच राहतं. "ती बुलढाण्याकडची लता करे. साठीतली बाई. बारामतीला नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळून पहिली आली नवऱ्याच्या इलाजासाठी. तिला कुठला बूट होता? आपल्या बेळगावचा चौगुले, 1920 च्या ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळाला."

"फडेप्पा चौगुले, अँटवर्पला एकोणिसावे आले," बाईंनी पुरवणी जोडली. "आणि 1960 ला रोममध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून सोनं घेऊन गेला. पण तो पुढच्या ऑलिम्पिकला, टोकियोत, बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला. हे तुम्ही पोरांना सांगत नाही."

अनवाणी पायांचं त्यांनी नीट उलगडून सांगितलं. 2010 मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी केनियातल्या पोरांचं पळणं मोजलं. जन्मापासून अनवाणी पळणारा बहुतेक वेळा चवड्यावर उतरतो, जाड टाचेच्या बुटातला टाचेवर. टाचेवर उतरलं की पहिला धक्का सरळ वर चढतो. चवड्यावर तो धक्का गळतो, पण ते वजन पोटरी आणि टाचेमागच्या शिरेला उचलावं लागतं. "ओझं कमी होत नाही, मामा. नुसतं घरातल्या एका भावाकडून दुसऱ्याकडं जातं. ज्याची पोटरी लहानपणापासून तयार आहे त्यानं घ्यावं. बारावीपर्यंत सँडल घातलेल्या पोरानं आज बूट काढून डांबरीवर पळायचं म्हटलं, तर महिन्याभरात तो शीर धरून माझ्याकडं येतो."

शिरेवरून त्यांनी एक किस्सा सांगितला, तो मामांना इतका आवडला की त्यांनी दोनदा सांगायला लावला. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन नावाचा हाडांचा डॉक्टर होता. त्याचीच टाचेमागची शीर दुखायची. ऑपरेशन करा म्हणून तो वरिष्ठाच्या मागं लागला. वरिष्ठ म्हणाला, एवढं काही झालेलं नाही. मग यानं ठरवलं, शीर पुरती बिघडवूनच टाकू, म्हणजे करावंच लागेल. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे आणि टाच हळूहळू खाली सोडायची, दुखलं तरी. रोज, पुन्हा पुन्हा. शीर बिघडायच्या ऐवजी बरी झाली. 1998 मध्ये त्यानं ते छापलं: पंधराचे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे.

"बघ! दुखलं तरी करायचं! मी काय सांगतो मग?"

"शिरेला," बाई म्हणाल्या. "शिरेला ओझं लागतं. नुसती झोपवून ठेवली तर ती आणखी आळशी होते. दहापैकी तीन-चार दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं, तर चालवून घ्या. चिरलेल्या हाडाला हे लावायचं नाही. तुमचा एकच मंत्र आहे, दुखलं तरी पळ. आमच्यातल्या पुष्कळांचा एकच मंत्र आहे, दुखलं की झोप. दोन्हीत दुखतंय काय, हे बघायचंच राहतं."

माझ्या मते त्या सकाळचं सगळ्यात मोलाचं वाक्य हे होतं, आणि ते त्यांनी चहाचा कप खाली ठेवताना, अगदी जाता जाता टाकलं.

आपल्या शास्त्राची बाजू त्यांनी फार ताणली नाही, हेही नोंदवतो. मामांची पोरं पळण्याआधी वीस मिनिटं पाय ताणत बसतात. त्यावर त्या म्हणाल्या की ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात दीड हजारांवर नव्या शिपायांवर ते करून पाहिलं होतं. 2000 साली निकाल छापला. ताणणाऱ्यांच्या आणि न ताणणाऱ्यांच्या दुखापतींत फरक निघाला नाही. "त्यापेक्षा हळू पळून अंग गरम करा." आणि बर्फ? गेब मिर्किन नावाच्या डॉक्टरानं 1978 मध्ये आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ही चौकडी लोकांच्या तोंडी बसवली. पुढं त्यानंच कबूल केलं की बर्फानं बरं होणं लांबतं. "बर्फ दुखणं गप्प करतो. तेवढंच. आमचंही शास्त्र पडतंझडतं."

"मग तुमच्यावर इश्वास कसा ठेवायचा?"

"पडलं की सांगतो, म्हणून."

त्यांनी मोबाइल काढला आणि दोन पोरांना बाजूनं पळायला लावून स्लो-मोशनमध्ये टिपलं. लाखाचं यंत्र नको, एवढंच पुरतं, म्हणाल्या. आम्ही तिघं डोकी जोडून बघत राहिलो. एका उंच पोराचा पाय गुडघ्याच्या कितीतरी पुढं जाऊन टाचेवर आदळत होता. प्रत्येक पाऊल म्हणजे ब्रेक. दुसऱ्याचा एका पायावर भार आला की पलीकडचा खुबा खाली कलायचा. उंच पोराची पावलं त्यांनी मोजली: मिनिटाला 162.

"लांब ढांगा टाक, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"ढांग लांब तर अंतर जास्ती."

"ढांग लांब तर ब्रेकही मोठा. पावलं पाच-दहा टक्के वाढवायची, ढांग आपोआप लहान होते, गुडघ्याचं आणि खुब्याचं ओझं उतरतं. 2011 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला हे मोजलंय. याला 162 वरून 172 वर न्या. महिनाभर, हळूहळू."

"ताल कसा द्यायचा?"

"मोबाइलवर ठोके वाजवता येतात."

मामा काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या कवायतीत तेज चल एकशेवीस कदम. दौड के चल एकशेऐंशी."

आता गप्प व्हायची पाळी भाचीची होती. लॉस एंजेलिसच्या 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये जॅक डॅनियल्स नावाच्या प्रशिक्षकानं धावपटूंची पावलं मोजली, ती बहुतेक 180 च्या पुढं निघाली, आणि तेव्हापासून हा आकडा जगभर फिरतोय, असं त्यांनी सांगितलं. "पण तो काही वेदातला आकडा नाही. ज्याचं त्याचं पाऊल, त्यात थोडी भर." मामांनी पुढचा भाग ऐकलाच नाही. एकशेऐंशी त्यांचा आधीपासूनचा होता, तेवढं त्यांना पुरलं. हलगीवाला लावतो, म्हणाले.

मैदान डावीकडूनच फिरायचं, हेही बाईंनी काढलं. लहान मैदान, वळणं आखूड, वर्षभर एकाच बाजूला कलून पळणं. आठवड्यात दोन दिवस उलटं फिरवा. "ग्राउंड डावीकडूनच असतंय," मामांनी ते उडवून लावलं.

मुलींचा विषय मात्र बाईंनी आवाज खाली घेऊन काढला. पलीकडं चार मुली गोळा टाकत होत्या. "त्यातल्या किती जणींची पाळी बंद झालीय, तुम्हाला माहीत आहे?"

मामा दचकले. "ते मी कसं इचारणार, माय?"

"तुम्ही नका विचारू. पण त्या एकमेकींना सांगतात, सराव जोरात चाललाय म्हणून थांबली, चांगलंच झालं, ग्राउंडला त्रास नाही. ते चांगलं नसतं. पहाटे पाच किलोमीटर, मग मेसचं पातळ वरण आणि दोन पोळ्या. शरीराला पळायलाच पुरत नाही, तर ते आधी पाळी बंद करतं, मग हाडाकडचा खर्च तोडतं. पहिल्यांदा नडगीच मोडते. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, दूध आणि अंडी खाणाऱ्या घरी दोन अंडी. हे औषध आहे, मामा, चोचले नाहीत. एखादी मोठी बाई मैदानावर ठेवा, जिला त्या सांगू शकतील."

मामांनी या गोष्टीवर वाद घातला नाही. घरी मामींना विचारतो, म्हणाले. मग बाईंनी इंजेक्शनचं काढलं, त्यावरही घातला नाही. ग्राउंडच्या सकाळी मेडिकलवरून वेदनाशामक सुई टोचून घेणारी पोरं त्यांनी पाहिली आहेत. दुखणं मरतं, चीर मरत नाही. वर उपाशीपोटी, घामानं सुकलेल्या अंगात ते औषध मूत्रपिंडावर जातं. "माझ्या बॅचला सुई दिसली तर नाव काटतो," एवढंच म्हणाले.

पण तारखेचा मुद्दा त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. उन्हं वर आली तेव्हा त्यांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. "अविनाश साबळे. आपल्या बीडचा, आष्टी तालुक्याचा. सहा किलोमीटर शाळेला पायी. बारावी झाली अन् फौजेत, महार रेजिमेंट. सियाचीनला राह्यला. हांगझोला स्टीपलचेसचं सोनं. त्याला आराम कोन दिला होता?"

"आता दिला," बाई म्हणाल्या. "जुलै 2025 मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याचा लिगामेंट गेला, ऑपरेशन झालं. टोकियोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. ते सोडायला त्याच्यामागं डॉक्टर होते, फिजिओ होते, फौज होती, पगार चालू होता. याच्यामागं तुम्ही आहात, मामा. दुसरं कोणी नाही."

मामांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि पोराजवळ बाकावर बसले.

"वय किती तुझं?"

"बावीस पूर्ण."

"कोणत्या गटात?"

पोरानं सांगितलं. मामांनी बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्या हातावर गेले.

"अकरा सालं हायत लेका."

"पण उस्ताद, आण्णांनी फॉर्मच्या वेळी..."

"आण्णाला मी फोन लावतो."

बाईंनी वहीचं पान फाडून लिहिलं. आधी एमआरआय. चीर निघाली तर पळणं बंद. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि दुखलं नाही, तर सायकल. अर्धा तास न दुखता चालता आलं की मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. पोरानं कागद घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवला, प्रवेशपत्र ठेवतात तसा. मग विचारलं, "मॅडम, बसून गोळा टाकला तर चालेल का?"

"चालेल."

मामा उठले आणि शिट्टी वाजवली. पोरं रेषेवर आली, सवयीनं डावीकडं तोंड करून.

"उलटे फिरा," उस्ताद ओरडले. "आज उजवीकडून."

कोणालाच कळेना. पहिल्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळले, चौघी मुली गोळे खाली ठेवून हसायला लागल्या.